आकडा फुगला, पण विचारणार कोण?


प्रशासकांच्या काळात मुंबई महापालिकेने मोठी मजल मारली, हे एका वाचकाचे मत वाचले. पुरावा कसला, तर २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटींच्या अंदाजपत्रकाचा. आकडा खराच आहे. पण तो मांडायचा, मंजूर करायचा आणि खर्चायचा अधिकार एकाच खुर्चीकडे होता. ७ मार्च २०२२ रोजी निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यानंतर जवळपास चार वर्षे ना स्थायी समिती, ना नगरसेवकांचा हरकतीचा मुद्दा. (नगरसेवक असताना सगळेच हरकती घेत, असेही नाही म्हणा!) शिवाय तरतूद म्हणजे काम नव्हे, वर्षअखेरीस प्रत्यक्ष खर्च किती झाला, ते पाहायला हवे.

महापालिकेतील रिक्त पदांची तर त्या वाचकाने एका वाक्यात बोळवण केली आहे. अग्निसुरक्षेचेच घ्या. राज्याच्या २००६ च्या कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते पडताळायला माणसेच अपुरी असतील, तर कागद फायलीत जाऊन बसतो. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जीव गेले, तेव्हाही महापालिकेची तिजोरी काही रिकामी नव्हती.

एक वाचक, परळ