मुंबईचा टाउन हॉल कोणाचा?

मुंबईस सहलीला गेलेले आमचे विद्यार्थी टाउन हॉलच्या तीस पायऱ्या मोजतात, खांबांकडे मान वर करून पाहतात, आणि परतल्यावर निबंधांत लिहितात कीं इमारत भव्य आहे. भव्य आहे खरी. परंतु एवढ्यानें त्या वास्तूचा इतिहास कळला असें आम्हांस वाटत नाहीं.

कर्नल टॉमस कौपर यांच्या आराखड्याप्रमाणें ती १८३३ सालीं पुरी झाली. पैसा प्रथम सोडतीचा, आणि तो अपुरा पडतांच ईस्ट इंडिया कंपनीच्या तिजोरींतला. विलायतेहून आलेले कांहीं खांब फार मोठे ठरल्यामुळें ते पुढें भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला लावले, असें सांगतात. एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय येथेंच आहे. डॉ. जॉन विल्सन यांच्यासारखे मिशनरी पंडित तिचे अध्यक्ष होते, याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण १८०४ सालीं स्थापन झालेल्या या विद्वत्सभेंत पहिल्या एतद्देशीय सभासदास, माणेकजी करसेटजी यांस, प्रवेश मिळण्यास १८४० साल उजाडावें लागलें, हेंहि सांगितलें पाहिजे.

१ नोव्हेंबर १८५८ रोजीं राणीचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचण्यांत आला. वाचणारे वर, ऐकणारे खालीं. पंचवीस वर्षांनीं, २८ एप्रिल १८८३ रोजीं, इल्बर्ट बिलाच्या प्रसंगीं तेलंग, मेहता व तय्यबजी या सभागृहांत बोलले. गोऱ्या आरोपीचा खटला हिंदी न्यायाधीशापुढें चालावा कीं नाहीं, हा तेव्हांचा वाद. आतां बोलणारे आपले लोक होते.

परंतु आमच्या मतें या वास्तूचा खरा कसोटीचा दिवस ११ डिसेंबर १९१८ हा होय. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांचें स्मारक करण्यासाठीं नागरिकांची सभा बोलावली होती. विरोध करणारे नागरिक, बॅ. जिना यांच्या पुढारीपणाखालीं, लवकर येऊन जागा धरून बसले. गोंधळ झाला, आणि अखेरीस पोलिसांनीं सभागृह रिकामें केलें. पुढें विरोधकांनीं वर्गणी जमवून जिनांच्या नांवें निराळें सभागृह बांधलें. जिनांच्या नंतरच्या राजकारणाशीं आमचें जमत नाहीं. तरी त्या दिवसाचें श्रेय नाकारतां येणार नाहीं.

आमच्या पेशांतील कांहीं मंडळी म्हणतात, त्या दिवशीं शिस्त मोडली. वर्गांत शिस्त राखण्यावर आमचेंहि पोट चालतें. तथापि शहराच्या नांवानें ठराव करावयाचा, आणि शहरांतील माणसें "नको" म्हणतांच त्यांस दार दाखवावयाचें, यांत शिस्त कोणी मोडली?

पुढच्या सहलीनंतर निबंधास हाच विषय देण्याचा आमचा विचार आहे. पायऱ्या मोजावयास हरकत नाहीं.