माघारीच्या अर्जाआधी

संगमनेर तालुक्यातील धांदरफळ येथे 25 ऑक्टोबर 2024 रोजी भाजप नेते सुजय विखे यांच्या सभेत एका वक्त्याने जयश्री थोरात यांच्याविषयी हीन शब्द वापरले. त्या स्वतः उमेदवार नव्हत्या, वडील, काँग्रेस नेते बाळासाहेब थोरात यांच्या विधानसभेच्या प्रचारात होत्या. त्यानंतर गाड्यांची जाळपोळ झाली, वक्त्याला अटक झाली आणि पोलीस ठाण्याबाहेर ठिय्या दिल्याबद्दल जयश्री थोरातांसह कार्यकर्त्यांवरही गुन्हा नोंदवला गेला.

प्रकरण गाजले, कारण बाळासाहेब थोरात 1985 पासून सलग आठ वेळा निवडून आलेले आमदार होते आणि त्यांच्यामागे रात्रीतून रस्त्यावर उतरणारी माणसे होती. पाठीशी असे कोणी नसलेल्या उमेदवाराला शिवी ऐकूनच घ्यावी लागते. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे. तेथे प्रथमच अर्ज भरू पाहणाऱ्या स्त्रीचा निर्णय बहुधा घरात होतो, आणि व्यासपीठावरची भाषा त्या घरापर्यंत पोहोचते. धमकी उमेदवाराला असली, तरी नकार सासऱ्याकडून किंवा नवऱ्याकडून येतो. मग त्याला दहशत न म्हणता कौटुंबिक अडचण म्हटले जाते.

कायद्याची चौकट या टप्प्यापर्यंत पोहोचत नाही. लोकसभा-विधानसभा निवडणुकांना लागू असलेल्या लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 123 नुसार उमेदवाराला धमकावून माघार घ्यायला लावणे हे ‘गैरवाजवी प्रभाव’ या भ्रष्ट आचरणात मोडते खरे, परंतु त्याचा निवाडा निवडणूक याचिकेतून, म्हणजे निकालानंतर 45 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात गेल्यावरच होतो. भारतीय न्याय संहितेत हाच गुन्हा अदखलपात्र असून शिक्षा फार तर एक वर्षाची. प्रचार मात्र जेमतेम दोन आठवड्यांचा असतो.

संगमनेरच्याच जिल्ह्यात बिनविरोध निवडीला प्रतिष्ठा आहे. हिवरे बाजार गावात ती परंपरा दीर्घकाळ टिकली, पण 2021 मध्ये तेथे मतदान झाले. सहमतीने बिनविरोध आणि भीतीने बिनविरोध यांत फरक करणे कठीण असते, कारण माघारीच्या सूचनेत कारण लिहावे लागत नाही. 2021 मध्येच राज्य निवडणूक आयोगाने सरपंचपदाचा लिलाव झाल्यामुळे उमराणे आणि खोंडामळी येथील ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या. आयोगाला ते करता आले, कारण बोली जाहीर लागली होती आणि तिचे चित्रीकरण हाती आले होते. घराच्या ओसरीवर, चहा घेता घेता दिलेल्या समजुतीचे चित्रीकरण कोण करणार?