विंगेतला पाहुणा

पडदा उघडण्यास अर्धा तास उरला असताना व्यावसायिक मराठी नाटकाच्या विंगेत जी धांदल उडते, तीत सर्वांत निरुपयोगी मनुष्य कोण, असे विचारले तर नाटककार हेच उत्तर द्यावे लागेल. दुपारच्या प्रयोगाचा सेट उतरतो आहे, रात्रीच्या नाटकाचा टेम्पोतून चढतो आहे, प्रमुख नट मालिकेचे चित्रीकरण आटोपून अजून वाटेत आहे आणि व्यवस्थापकाचे लक्ष बुकिंगच्या खिडकीकडे आहे. दुसऱ्या अंकातला गाळलेला प्रवेश परत घ्यावा, हे सांगायला आलेल्या नव्या लेखकाला अशा वेळी मिळतो तो फक्त चहा.

याला बेशिस्त म्हणून हळहळणे सोपे आहे. वस्तुतः हा गोंधळ तारखांच्या गणितातून जन्मतो. शनिवार-रविवार थोडे, मागणारे निर्माते फार. त्यात नटाची तारीख जुळायला हवी. प्रत्येकाची 'नाइट' प्रयोगागणिक मोजायची. टाळेबंदीत मार्च २०२० पासून बंद पडलेली नाट्यगृहे, मधला अल्पकाळ वगळता, २२ ऑक्टोबर २०२१ पासूनच पुन्हा उघडली. तेव्हा साठलेल्या नाटकांच्या गर्दीत अनोळखी नाव आणखी मागे रेटले गेले. शेवटी कात्री लागते ती संहितेलाच. हल्ली तर लेखक ती लिहितानाच लावून ठेवतो: चार पात्रे आणि एक दिवाणखाना.

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' या हिशेबात बसलेच नसते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ते रंगमंचावर आले, तेव्हा माणसांची भिंत उभी करायला नटांची अख्खी रांग लागली. ती पुरवली प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या हौशी कलावंतांनी. पुढे त्याच संस्थेने प्रयोग थांबवले, तर दिग्दर्शक जब्बार पटेल व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढून नाटक पुन्हा उभे केले. विंग लेखकाच्या बाजूने उभी राहिली, ती अशी. अर्थात तेंडुलकर तेव्हा नवखे नव्हते.

आजचा नवखा लेखक एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धेतून येतो. तिथल्या संघात तो दिग्दर्शकाशी भांडू शकतो. व्यावसायिक तालमीत मात्र पहिल्या वाचनानंतर त्याची गरज संपते. त्याच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ त्याला देते. पण पहिलेच नाटक घेणाऱ्या निर्मात्याविरुद्ध न्यायालयात जाणार कोण?