‘कंपनीकडे जा’ म्हणणारा दुकानदार आणि वॉरंटीचा कायदा: महागावच्या ग्राहकाने तक्रार कुठे करायची?

22 सप्टेंबर 2025 ला घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून एसी, डिशवॉशर आणि 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्या नवरात्रात आणि दिवाळीत ज्यांनी मोठा टीव्ही घरी आणला, त्यांची एक वर्षाची वॉरंटी सप्टेंबर-ऑक्टोबर 2026 मध्ये संपते. बिघाड निघायचा असेल आणि दुकानदाराने हात वर करायचे असतील, तर ते याच काळात होणार. म्हणून आधीच समजून घेऊ की वॉरंटी नाकारली गेली तर कायदा नेमका कोणाला धरतो.

उदाहरण महागावचंच घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातला हा तालुका यवतमाळ-नांदेड रस्त्यावर, आर्णी आणि उमरखेडच्या मध्ये. मोठी खरेदी असली की लोक पुसदला जातात, नाहीतर उमरखेडवरून सरळ नांदेडला. समजा एका घराने नांदेडच्या शोरूममधून टीव्ही आणला आणि चार महिन्यांत स्क्रीनवर उभ्या रेषा आल्या. दुकानदार म्हणतो, ‘आमचं काम विकायचं, आता कंपनीच्या टोल फ्रीवर बोला.’ टोल फ्रीवाले म्हणतात, ‘तुमच्या पिनकोडला इंजिनिअर येत नाही, सर्व्हिस सेंटरला घेऊन या.’ आणि तिथे नेल्यावर कळतं, ‘व्होल्टेजमुळे पॅनल गेलंय, हे वॉरंटीत बसत नाही.’ तीन तोंडं, तीन उत्तरं. टीव्ही मात्र बंदच.

पहिलं उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. छापील वॉरंटी कार्ड कंपनीचं असतं, दुरुस्ती कंपनीचं सर्व्हिस सेंटर करतं, इथपर्यंत दुकानदार बरोबर आहे. पण तुमचे पैसे घेतले त्याने, बिल दिलं त्याने, विक्रीचा व्यवहार झाला तो त्याच्याशी. माल विक्री कायदा 1930 पासून आहे आणि त्या मालाचा धंदा करणाऱ्याने विकलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असली पाहिजे, ही अट त्यात न लिहिताही गृहीत धरलेली आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 तर आणखी पुढे जातो. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं, बिलात दिलेल्या मुदतीत किंवा मुदत दिलीच नसेल तर 30 दिवसांत, ही त्या कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. बिलच न देणं हीसुद्धा. त्यामुळे बिलाच्या तळाशी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलं म्हणून दुकानदार सदोष मालातून सुटत नाही. रंग आवडला नाही म्हणून परत करणं वेगळं, माल खराब निघाला म्हणून परत करणं वेगळं. त्या ओळीचा दरारा बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकावर वापरला जातो, ही खरी चलाखी.

मग तक्रार दुकानदारावर करायची की कंपनीवर? याचं उत्तर गोव्यातल्या एका प्रकरणातून नीट समजतं. तिथल्या एका ग्राहकाने 2011 चं मॉडेल म्हणून टाटाची गाडी घेतली. प्रत्यक्षात हातात आली ती 2009 ला बनलेली आणि आधी शेकडो किलोमीटर चाललेली. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग, तिन्ही ठिकाणी डीलरसोबत टाटा मोटर्सलाही जबाबदार धरलं गेलं. पण फेब्रुवारी 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीला मोकळं केलं. कोर्टाचं म्हणणं असं की डीलर हा कंपनीचा एजंट नाही, दोघांमधला व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचा आहे. डीलरने केलेल्या गडबडीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झाल्याशिवाय तिचा भार कंपनीवर टाकता येणार नाही. डीलरची जबाबदारी मात्र तशीच राहिली. उलट 2004 च्या एका निकालात, जिथे गाडीच मुळात सदोष होती, तिथे सुप्रीम कोर्टाने मुंबईची प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि तिचा डीलर दोघांनाही धरलं होतं.

दोन्ही निकाल शेजारी ठेवा. दोष कारखान्यातला की दुकानातला, यावर जबाबदार कोण ते ठरतं. आणि दोष कुठला हे ग्राहकाला सुरुवातीला कळणं शक्यच नसतं. म्हणून तक्रारीत दोघांनाही प्रतिवादी करायचं. फक्त कंपनीवर केस केली आणि गडबड दुकानाची निघाली, तर वर्ष-दोन वर्षं गेल्यावर हाती काही लागत नाही. तीच गोष्ट उलट्या बाजूनेही. मोठ्या चेन स्टोअरमध्ये काउंटरवरच जी ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ गळ्यात मारतात, ती अनेकदा कंपनीची नसतेच. दुकानाची किंवा एखाद्या विमा कंपनीची असते. त्या कागदावर कोणाचं नाव आहे ते बघा, तोही प्रतिवादी.

आता तिसरं उत्तर, व्होल्टेजवालं. आपल्याकडे लाइट कमी-जास्त होते हे खरंच आहे, त्यामुळे हे कारण ऐकून माणूस गप्प बसतो. मोबाइलमध्ये हेच काम ‘पाणी गेलंय’ करतं. सिमच्या खाचेत वगैरे एक छोटं पांढरं स्टिकर असतं, ओल लागली की लाल होतं. ते लाल दिसलं की विषय संपला, अशी सर्व्हिस सेंटरची पद्धत. पण स्टिकर फक्त ओल कधीतरी लागली एवढंच सांगतं. बोर्ड त्या ओलीमुळेच गेला का, हा पुढचा प्रश्न आहे आणि तो तोंडी निकालात काढता येत नाही. गंमत म्हणजे जाहिरातीत हाच फोन पाण्यात बुडवलेला दाखवतात आणि वॉरंटीच्या बारीक अक्षरांत पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने नोव्हेंबर 2020 मध्ये ॲपलला 1 कोटी युरोचा दंड केला तो याच विसंगतीसाठी. ऑस्ट्रेलियात जून 2022 मध्ये सॅमसंगला 1 कोटी 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला, पाण्यातल्या वापराची दिशाभूल करणारी जाहिरात केली म्हणून. आपल्या 2019 च्या कायद्यातही दिशाभूल करणारी किंवा पाळली जाण्याची वाजवी शक्यता नसलेली वॉरंटी देणं ही अनुचित प्रथाच आहे. तरतूद आहे, ती वापरणारे ग्राहक कमी.

तुमच्या हातात काय आहे? जॉबशीट. सर्व्हिस सेंटरने नकाराचं कारण लेखी द्यावं, शक्य असेल तर बिघाडाच्या फोटोसह, असा आग्रह धरा. ‘वॉरंटी व्हॉइड’ एवढेच दोन शब्द लिहून दिले तर तेही घ्या, कारण कारण न देता नाकारलं हाच पुढे तुमचा मुद्दा होतो. देतच नसतील तर त्याच दिवशी ईमेल करा की अमुक तारखेला अमुक कारण तोंडी सांगितलं गेलं. पुढे आयोगाला वाटलं की तपासणीशिवाय दोष कळणार नाही, तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवता येते. तिची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते, हे लक्षात असू द्या.

‘बाहेर उघडलंय’ हे आणखी एक कारण. गावातल्या मेकॅनिककडून फोनचं काचेचं काम करून घेतलं आणि नंतर चार्जिंगचा दोष निघाला, तर सगळीच वॉरंटी गेली का? भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 ला 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड केला होता. त्या आदेशात कंपन्यांना हेही सांगितलं होतं की बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट लावू नका. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं बिघडलं तेवढ्यापुरताच नकार ठीक. प्रकरण पुढे अपिलात गेलं आणि ते गाड्यांपुरतं होतं, मोबाइलला आपोआप लागू नाही. पण तर्क तोच आहे आणि आयोगापुढे मांडण्यासारखा आहे.

महागावच्या ग्राहकासाठी सगळ्यात मोठा बदल मात्र वेगळाच आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. 1986 च्या कायद्यात तक्रार करायची तर जिथे दुकानदार किंवा कंपनीचा धंदा, किंवा जिथे व्यवहाराचं कारण घडलं, तिथे जावं लागे. म्हणजे टीव्ही नांदेडचा तर खेटेही नांदेडला. 2019 च्या कायद्याने, जो जुलै 2020 मध्ये लागू झाला, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार करायची सोय केली. आता दुकान नांदेडचं असो, कंपनी गुरुग्रामची असो किंवा वस्तू ऑनलाइन आलेली असो, तक्रार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात होते. प्रतिवादीने यायचं, आपण जायचं नाही. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते: आधी त्यासाठी ई-दाखिल होतं, 1 जानेवारी 2025 पासून ई-जागृती आहे. सुनावणी व्हिडिओवर व्हावी असा अर्जही करता येतो. महागावहून आर्णीमार्गे यवतमाळला एका तारखेसाठी दिवस मोडणाऱ्याला ही सोय फार मोलाची, जर ती प्रत्यक्षात मिळाली तर.

त्याआधी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच. मराठीत बोलता येतं. ती निकाल देत नाही, कंपनीकडे तक्रार सरकवते, पण अनेक मोठ्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या असल्याने काही वेळा तेवढ्यानेच काम होतं. ऑनलाइन खरेदी असेल तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायला हवं. ही पोच जपून ठेवा.

मागणी काय करायची, यातही थोडा विवेक हवा. लोक पहिल्या झटक्यात ‘नवीनच द्या’ म्हणतात. 2006 मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वॉरंटीत फक्त सदोष भाग बदलून द्यायचं वचन असेल, तर सरसकट अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून तक्रारीत क्रम लावा: आधी मोफत दुरुस्ती, ती ठराविक दिवसांत झाली नाही तर बदली, तेही नाही तर व्याजासह पैसे, आणि त्रासाची भरपाई वेगळी. एकच दोष तीनदा-चारदा दुरुस्त होऊन परत आला असेल तर बदलीची मागणी चांगलीच भक्कम होते, आणि ते जॉबशीटच्या तारखांवरूनच दिसतं.

आता कागदावरचं आणि प्रत्यक्षातलं. कायदा म्हणतो, तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रतिवादीला उत्तरासाठी 30 आणि फार तर आणखी 15 दिवस. 45 च्या पुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये पक्कं केलं. तरी तारखा लांबतात, आणि त्याचं एक कारण आपल्या विदर्भातूनच दिल्लीपर्यंत गेलं आहे. आयोगांचे अध्यक्ष आणि सदस्य कसे नेमायचे, या नियमांना मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात आव्हान दिलं गेलं. मार्च 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने लेखी परीक्षेची पद्धत घातली, ऑक्टोबर 2023 मध्ये नागपूर खंडपीठाने पुन्हा काही नियम रद्द केले, आणि मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला नवे नियम करायला सांगितलं. ग्राहकांच्या तक्रारींसाठी कायमस्वरूपी यंत्रणा उभारता येईल का, याचाही विचार करायला सांगितलं. खुर्चीवर माणूस नसेल तर तीन महिन्यांची मुदत कोण पाळणार? ॲप आणि पोर्टलवर सरकारचा भर दिसतो, आणि ते चांगलंच आहे. पण ई-जागृतीवर भरलेली तक्रारही शेवटी एका माणसालाच वाचावी लागते.

धोरणातही काही हालचाल आहे. जुलै 2024 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने घरगुती उपकरणांच्या कंपन्यांना सुचवलं की वॉरंटी खरेदीच्या नव्हे, तर वस्तू बसवल्याच्या तारखेपासून मोजा. दिवाळीत बिल झालेला आणि उन्हाळ्यात भिंतीवर बसलेला एसी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे यातला फरक कळेल. ती सूचना आहे, कायदा नाही. मे 2025 मध्ये एका समितीने मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ‘दुरुस्ती किती सोपी’ हे सांगणाऱ्या निर्देशांकाचा अहवाल दिला. तसा आकडा खोक्यावर छापला गेला, तर सर्व्हिस सेंटर नसलेल्या तालुक्यातल्या गिऱ्हाइकाला कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा तो जास्त कामाचा ठरेल.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, म्हणजे नकार मिळाला त्या दिवसापासून मोजायला हरकत नाही. पण बिघाड वॉरंटीच्या आत कळवला होता, याचा पुरावा हवा. फोनवरचं बोलणं पुराव्याला कच्चं पडतं. तक्रार क्रमांकाचा एसएमएस, ईमेल किंवा व्हॉट्सॲप मेसेज हवा, आणि त्यावरची तारीख वॉरंटी संपायच्या आधीची हवी. बिल पक्कंच घ्या. कच्च्या चिठ्ठीवर घेतलं असेल तर यूपीआयची नोंद आणि खोक्यावरचा सिरियल नंबर तरी सांभाळा. आयोगाने निकाल दिला आणि तरी दुकानदार किंवा कंपनी हलली नाही, तर कलम 72 खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा 25 हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यासाठी वेगळा अर्ज त्याच आयोगात करायचा.