बुडीत येणे

२०२५ च्या जूनमध्ये माझी पुतणी अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी गेली. तिच्या जाण्याच्या आदल्या आठवड्यातली ही हकिगत आहे. घरच्या मुलीचे कौतुक सांगण्यासाठी हे सदर नाही, हे मी जाणून आहे. आणि ज्यांना कौतुक करायचे होते त्यांनी ते पेढे खाऊन केलेलेही आहे. मला सांगायचे आहे ते निराळेच.

बरोबर प्रवेश मिळालेल्या काही मुलामुलींनी आपापसांत ठरवले होते की, आपण इथवर कसे आलो यावर प्रत्येकाने एक पान लिहून आणायचे. एका संध्याकाळी पुतणी आपले पान घेऊन माझ्याकडे आली. मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. त्यामुळे घरातली मुले मला आपले लेखन दाखवतात ती भाषेसाठी नव्हे, चूक सापडावी म्हणून. तिने वाचून दाखवले. दोनदा अपयश आले, पण खचले नाही. जिद्द सोडली नाही. वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद होता. तिसऱ्या खेपेस यश मिळाले. त्यात एकही वाक्य खोटे नव्हते. तरीही ऐकताना मला वाटत राहिले की, हे पान कोणाही मुलीचे असू शकेल.

“यात छापखाना कुठे आहे?” मी विचारले.

ती गप्प झाली. मग कागदाची घडी घालत म्हणाली, “आत्या, तो लिहिला तर बाबांना कसं वाटेल?”

आमचा छापखाना म्हणजे इंदूरच्या राजवाड्यामागच्या एका गल्लीतली दोन खोल्यांची जागा. आमचे आजोबा होळकर संस्थानच्या नोकरीत होते. नोकरीवर पोसलेल्या अशा घराण्यातून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९६४ साली छापखाना काढला, तेव्हा नातेवाइकांनी नाके मुरडली होती. योगायोग असा की, पुतणी ज्या अभ्यासक्रमाला निघाली होती, तोही अहमदाबादेत त्याच वर्षी सुरू झाला. अण्णांच्या काळी शिशाचे खिळे जुळवून छपाई होई. पुढे माझ्या धाकट्या भावाने ऑफसेटचे यंत्र आणले. लग्नपत्रिका हा मुख्य धंदा. मराठी घरांच्या मराठीत आणि शहराच्या हिंदीत.

२०२० च्या वसंतात अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला होती. त्या मुहूर्ताच्या पत्रिका छापून, गठ्ठे बांधून तयार होते. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. लग्ने पुढे ढकलली गेली. काही मोजक्या माणसांत उरकली. पत्रिका न्यायला कोणी आले नाही, आणि पैसे मागायला जाण्याचे ते दिवस नव्हते. एकदा पत्रिका फोनवरून धाडण्याची सवय लागल्यावर पुष्कळांना छापील पत्रिकेची गरज उरली नाही. २०२१ च्या दिवाळीनंतर भावाने छापखाना बंद केला.

त्या वेळी पुतणी नुकतीच बी. कॉम. झाली होती. हिशेब मिटवण्याचे काम तिच्यावर आले. तिने खतावणी उघडली, आणि त्या कोवळ्या वयात तिला आपल्या वडिलांविषयी एक गोष्ट कळली. उधारीच्या पानांवर चार चार वर्षांपूर्वीची येणी तशीच उभी होती. दुकान मोडून गेलेल्या गिऱ्हाइकांची, शहर सोडून गेलेल्यांची, एक तर मृत्यू पावलेल्याचीही. ही येणी बुडाली हे भावाला ठाऊक नव्हते असे नाही. पण ‘बुडीत’ हा शब्द त्याच्या हाताने लिहवला नव्हता. त्यामुळे दर वर्षी ताळेबंद ठाकठीक दिसे, आणि त्या दिसण्यावर विसंबून तो नवे कर्ज काढी.

“मला तेव्हा बाबांचा राग आला होता,” पुतणी म्हणाली. “येणं बुडालं तर बुडालं म्हणून लिहावं, एवढं त्यांना कळत नाही? असं वाटलं. यंत्र विकून आलेल्या पैशांतून आधी चौघा कामगारांचं देणं दिलं, मग बँकेचं. तोही हिशेब मी केला. आपण फार शहाण्या आहोत असं मला तेव्हा वाटत होतं.”

त्यानंतर ती एका हिशेबनिसाच्या कचेरीत कामाला लागली आणि रात्री अभ्यास करून २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये प्रबंध संस्थांच्या सामाईक प्रवेश परीक्षेला बसली. मुले हिला ‘कॅट’ म्हणतात. या परीक्षेची घडण वाचकांनी समजून घ्यावी, कारण पुढची गोष्ट तिच्यावरच उभी आहे. पहिला विभाग भाषेचा, दुसरा माहितीच्या तक्त्यांचा व तर्काचा, तिसरा गणिताचा. प्रत्येकाला चाळीस मिनिटे. एका विभागाची चाळीस मिनिटे संपली की तो मिटतो; मागे जाता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण. पर्याय दिलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण कापला जातो. म्हणजे कोणता प्रश्न सोडवावा याइतकेच, कोणता सोडून द्यावा याचेही भान तिथे लागते.

त्या वर्षी तिचा पहिला विभाग बिघडला, आणि त्याचे दुःख करण्यात दुसऱ्याची चाळीस मिनिटे गेली. डिसेंबरात निकाल आला. तो तिने फोनवर पाहिला आणि घरी सांगितले, “अजून नक्की काही कळत नाही.” दीड महिना ती हेच सांगत होती. आजी देवाला गूळ ठेवत होती, आणि भाऊ ओळखीपाळखीच्यांना मोठ्या अभिमानाने सांगत होता की, आमची मुलगी निकालाची वाट पाहते आहे.

“एका रात्री लक्षात आलं, आत्या,” ती म्हणाली, “की मी नेमकं बाबांचंच केलं. बुडालेलं येणं येणं म्हणूनच ठेवलं.”

दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन बंद छापखान्यात गेली आणि तिथे तिने निकाल सांगितला. घरी सांगण्याचे धैर्य नव्हते. तिथे यंत्राची जागा रिकामी होती, त्यामुळे सोपे गेले, असे ती म्हणते. भाऊ रागावला नाही. फळीवर त्या न नेलेल्या पत्रिकांचे गठ्ठे अजून पडून होते. त्यातला एक सोडून त्याने तिच्या हाती दिला आणि म्हणाला, “मागची बाजू कोरी आहे. काय काय चुकलं ते हिच्यावर लिही. वहीत लिहिलंस तर वही मिटून ठेवशील.”

ते तिने अक्षरशः केले. प्रत्येक सराव परीक्षेनंतर एक पत्रिका. तिच्या पाठीवर तीन रकाने: जे येतच नव्हते, जे येत असून घाईने चुकले, आणि जे सोडून द्यायला हवे होते. पहिला रकाना अभ्यासाने हळूहळू लहान झाला. तिसरा मात्र मोठाच राहिला. आपल्याला येईलच या हट्टाने एकेका प्रश्नाला सात सात मिनिटे घातली जात. “सोडता न येणं हा आपल्या घरचाच रोग आहे,” हे ती हसत म्हणाली. मी मात्र हसू शकले नाही.

२०२३ च्या परीक्षेत तिला नव्वद पर्सेन्टाइल मिळाले. आजीने ते शंभरांपैकी नव्वद गुण समजून गल्लीत पेढे वाटले. मी गणिताची बाई. मला गप्प बसवेना. पर्सेन्टाइल म्हणजे गुण नव्हेत. आपल्या मागे शेकडा किती जण आहेत, त्याचा तो आकडा. त्या वर्षी सुमारे २ लाख ८८ हजार मुले परीक्षेला बसली होती. नव्वद म्हणजे अठ्ठावीस हजारांहून अधिक मुले हिच्या पुढे. मी हे आजीला समजावू लागले, तेव्हा पुतणीने मला थांबवले आणि स्वतःच सांगितले, “आजी, पेढे गोड होते; पण या वर्षीही जमलं नाही.” या खेपेस तिने दीड दिवसही लावला नव्हता. तिची वाढ मी मोजायची म्हटले तर याच अंतराने मोजीन, पर्सेन्टाइलने नव्हे.

२०२४ च्या नोव्हेंबरात तिचा पहिला विभाग पुन्हा बिघडला. तिने मनाशी म्हटले, हे येणे बुडाले, आणि पुढचे पान उघडले. बाकीचे दोन विभाग तिने सांभाळले. पुढचे सर्वांना माहीत आहे.

इथवर सांगून ती थांबली. मग म्हणाली, “मुलाखतीत मला छापखान्याविषयी विचारलं. तुम्ही असता तर वाचवला असता का? मी सांगितलं, नाही. मी दोन वर्षं आधी बंद केला असता. हे उत्तर मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.”

तिला घरी न्यायला भाऊ रात्री आला तेव्हा ती माझ्या टेबलाशी बसून नवे पान लिहीत होती. त्याला बसवून तिने ते वाचून दाखवले. खतावणी, ‘बुडीत’ हा शब्द, मुलाखत, सारे. भावाने चष्मा मागितला आणि कागद हाती घेऊन पुन्हा स्वतः वाचला. स्वयंपाकघरात दूध तापत होते. त्याचे निमित्त करून मला उठता आले असते, पण उठवले नाही.

“दोन नाही,” तो शेवटी म्हणाला. “चार. २०१७ सालीच मला कळलं होतं. तेव्हा बंद केला असता तर कामगारांच्या हातावर बरी रक्कम ठेवता आली असती. त्यांना काय सांगू आणि ताईला काय सांगू, यातच वर्षं गेली. हे पण लिही.”

‘ताई’ म्हणजे मी. अण्णांच्या फोटोला दर दसऱ्याला हार घालून, “छापखाना कसा चाललाय?” असे विचारणारी आणि “छान” या उत्तरावर समाधान मानणारी. त्या वर्षांत मी एकदाही वही पाहायला मागितली नाही. हेही या हकिगतीत यायला हवे, म्हणून लिहिते आहे.

वाचकहो, पडून पुन्हा उभे राहण्याच्या गुणाला आपण चिवटपणा म्हणतो, धीर म्हणतो, चिकाटी म्हणतो. इंग्रजीत यासाठी वापरतात तो शब्द पदार्थविज्ञानातही आहे. दाब काढला की मूळ आकाराला येणारा पदार्थ असा काहीसा त्याचा भाव. माणसाच्या बाबतीत ही उपमा मला अपुरी वाटते. मुलगी मूळ आकाराला आली नाही, आणि भाऊही आला नाही. दोघांनी झालेला तोटा तोटा म्हणून लिहिला, आणि जे खरोखर शिल्लक होते त्यावर पुढचा व्यवहार मांडला. ज्या वहीत तोटा लिहिला जात नाही, तिच्यातली शिल्लकही खरी नसते.

आणखी एक गोष्ट. ज्याला तिसऱ्यांदा परीक्षेला बसता येते, त्याच्या पाठीशी कोणीतरी दोनदा उभे राहिलेले असते. आजीच्या कुटुंबनिवृत्तिवेतनावर त्या वर्षांत घर चालले. शिकवणीचे शुल्क माझ्या निवृत्तिवेतनातून गेले. छापखान्यातल्या चौघांपैकी एकाच्या मुलानेही एकदा हीच परीक्षा दिली होती. दुसऱ्यांदा बसण्याची त्याची ऐपत नव्हती. तो कमी चिवट होता असे मी म्हणणार नाही, आणि पुतणीनेही ते आपल्या पानात म्हटलेले नाही.

त्या संस्थेत ‘केस’ची पद्धत आहे. १९६१ साली संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत विक्रम साराभाई यांचा मोठा वाटा होता, आणि हार्वर्डच्या बिझनेस स्कूलचे साहाय्य होते. ही पद्धतही तिकडचीच. एखाद्या व्यवसायाची खरी स्थिती विद्यार्थ्यांपुढे मांडायची आणि विचारायचे: आता तुम्ही काय कराल? पुतणीने अशी एक केस घरातच सोडवलेली आहे. फक्त त्या केसमधल्या माणसांना ती बाबा आणि आत्या म्हणते. पुढे तिच्यासमोर येणाऱ्या आकड्यांमागेही कोणाचे तरी बाबा असतील, हे ती विसरू नये, एवढीच माझी इच्छा.

शुल्क वीस लाखांहून अधिक आहे. बँकेने तारण न घेता कर्ज दिले. “आता कर्ज नको” म्हणून शपथ घेतलेल्या भावाने त्या कागदांवर सही केली. पण सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचली, आणि फेडीचा तक्ता मुलीकडून दोनदा मांडून घेतला.

जाण्याच्या रात्री स्टेशनवर निघताना पुतणीने पेटीत उरलेल्या पत्रिकांचा एक गठ्ठा ठेवला. आजी म्हणाली, “अगं, वजन होईल. तिकडे कागद मिळत नाहीत का?”

भावाने गठ्ठा बाहेर काढला. सुतळी सैल झाली होती. ती नीट आवळून बांधली आणि गठ्ठा पुन्हा पेटीत, कपड्यांच्या वर ठेवला.