मनाचीही मशागत हवी



पेरणीपूर्वी आपण सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळतो आणि किती उगवतात ते पाहतो. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरण्याजोगे, नाहीतर बदलायचे. गहू निघाला की उन्हाळी नांगरट करून काळी जमीन उन्हात तापू देतो. गाय एक वेळ वैरण खाईनाशी झाली तर त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. मग घरातला कर्ता माणूस पंधरा-पंधरा दिवस नीट झोपत नाही, ताटावरून अर्धपोटी उठतो, कुणाशी बोलत नाही, तेव्हा आपण काय करतो? बहुधा काहीच करत नाही. ‘होईल बरं’ म्हणून गप्प बसतो.

हा प्रश्न मी मुद्दाम या पानावर घेत आहे, कारण तो शेतीचाही आहे आणि आरोग्याचाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरला होता; प्रत्यक्ष मंडीत माळव्यातल्या शेतकऱ्याच्या हाती त्याहून बरेच कमी पडले. अशा वर्षी खताचे देणे, मुलीचे लग्न, सोसायटीचा हप्ता या सगळ्यांचा भार एकाच माणसाच्या छातीवर येतो. तो माणूस मिस्साला येतो, शेवटच्या बाकावर बसतो आणि आशीर्वादाआधीच निघून जातो. त्याच्याविषयी आपल्यात दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, ‘याची श्रद्धा कमी पडली.’ दुसरे म्हणते, ‘याचं डोकं फिरलं.’ माझ्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोन्ही घातक आहेत. पहिल्याने तो माणूस देवळापासून दूर जातो आणि दुसऱ्याने दवाखान्यापासून.

श्रद्धा कमी पडली म्हणणाऱ्यांनी पवित्र शास्त्रातील राजांचा पहिला ग्रंथ, अध्याय एकोणिसावा, काढून वाचावा. संदेष्टा एलिया याच्याएवढी श्रद्धा कोणाची होती? कार्मेल डोंगरावर त्याने मोठा विजय मिळवला. आणि लगेचच राणी ईजबेलच्या धमकीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि आता आपले जीवन संपावे अशी त्याने देवाकडे मागणी केली. तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, दटावलेही नाही. देवदूताने त्याला निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा दिला. तो जेवला, पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातले. ‘आधी पोटोबा’ ही आपली म्हण इथे देवदूताने पाळली असे म्हटले तर हसू नका. खचलेल्या माणसाचा पहिला उपचार झोप आणि अन्न हाच आहे.

पुढे होरेब डोंगरावर एलिया दोनदा एकच तक्रार करतो, की मी एकटाच उरलो आहे. देव त्याचे सगळे ऐकून घेतो, आणि मग त्याचा हिशेब दुरुस्त करतो: तू एकटा नाहीस, इस्राएलात आणखी सात हजार निष्ठावंत आहेत. त्यानंतर त्याला काम नेमून देतो आणि एक सोबतीही देतो. तो सोबती म्हणजे अलीशा, जो त्या वेळी बैलांच्या बारा जोड्यांनी शेत नांगरत होता. अन्न आणि झोप, ऐकून घेणारा कोणी, विचारांचा खरा हिशेब, हाताला काम आणि एक सोबती. आजचे मनाचे डॉक्टरही थोड्याफार फरकाने याच गोष्टी सांगतात.

आता आपल्या देवासकडे वळू. चामुंडा टेकडीच्या पायथ्याशी ज्यांचे घर आहे ते पंडित कुमार गंधर्व १९४८ च्या जानेवारीत देवासला आले, ते गाण्याच्या मैफलीसाठी नव्हे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेला, लहानपणीच नावाजलेला हा गवई वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर क्षयाने अंथरुणाला खिळला होता. देवासची कोरडी हवा मानवेल म्हणून ते इथे आले. गाणे बंद. गवयाला गाणे बंद म्हणजे शेतकऱ्याला जमीन गेल्यासारखेच. पत्नी भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून घर चालवले आणि त्यांची शुश्रूषा केली. त्या काळी नव्यानेच मिळू लागलेले स्ट्रेप्टोमायसीन हे औषध त्यांना लागू पडले.

पडून असलेल्या त्या वर्षांत कुमारांनी काय केले, हे आपल्यासाठी महत्त्वाचे. गाता येत नव्हते, पण ऐकता येत होते. रस्त्याने जाणाऱ्या बाया-माणसांची माळवी गाणी, नाथपंथी भजने गाणारे जोगी, हे सगळे ते ऐकत राहिले. बरे होत गेल्यावर त्यांनी ही लोकगीते गोळा केली. चार-पाच स्वरांच्या त्या साध्या धुनांत रागाचे मूळ आहे हे त्यांनी ओळखले आणि त्यांतून नवे राग बांधले. १९५३ साली ते पुन्हा मैफलीत गायले, तेव्हा फुप्फुस पहिल्यासारखे राहिले नव्हते. म्हणून लांब दमाच्या तानांऐवजी छोट्या, धारदार तानांची नवी गायकी त्यांनी घडवली. १९६१ साली भानुमतीबाई बाळंतपणात गेल्या, तो घावही त्यांनी सोसला. १९६५ साली त्यांचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ आला, १९९० साली पद्मविभूषण मिळाले. १९९२ साली देवासलाच त्यांनी देह ठेवला.

ही गोष्ट सांगताना पुष्कळ लोक म्हणतात, ‘बघा, इच्छाशक्तीने क्षय बरा झाला.’ ते खरे नाही, आणि असे बोलणे धोक्याचे आहे. क्षय औषधाने बरा झाला. बायकोच्या कष्टाने माणूस जगला. आणि मन जिवंत राहिले ते जवळ उरलेल्या गोष्टीत रस घेतल्यामुळे. तिन्ही लागतात. आज क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी रुग्णाला दरमहा एक हजार रुपये मिळतात. तेव्हा नवस बोलत आणि अंगारे लावत कोणी दिवस घालवू नयेत.

कल्पकता म्हणजे केवळ गाणे-चित्र असे समजू नका. देवास जिल्ह्यात बोअर मारण्याची चढाओढ लागली आणि पाण्याची पातळी खाली खाली गेली. आपल्या पठाराखालचा काळा दगड फार पाणी साठवत नाही. १९९० साली देवास शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले. तरीही प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार: आणखी एक बोअर, आणखी खोल. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा. २००६ साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून हिशेब उलटा मांडला: जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्याला द्या, पावसाचे पाणी वरच साठवा आणि उरलेल्या नऊ हिश्शांत गहू-हरभरा हुकमी घ्या. या तळ्यांना ‘रेवासागर’ नाव दिले. टोंकखुर्द भागापासून पुढे हजारो तळी झाली, बहुतेक शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने आणि कर्जाने खणली. २००७ साली राज्य सरकारने बलराम तालाब योजना आणून अनुदानही सुरू केले.

यात बदलला तो विचार. पाऊस तोच, जमीन तीच. ‘जमिनीचा तुकडा वाया जाईल’ ही भीती खरी आहे का, हे कोणीतरी कागदावर मांडून तपासले. मनातल्या भीतीचेही असेच करावे. ‘सगळं संपलं’, ‘माझं कधीच भलं होत नाही’, ‘लोक मला हसतात’ असे विचार आले की एलियाचा हिशेब आठवावा. खरोखर सगळे संपले का? काय उरले आहे? किती लोक हसले, आणि किती जणांनी विचारपूस केली? विचार दाबून टाकू नये. तो सोयाबीनच्या दाण्यासारखा ओल्या पोत्यात ठेवून पाहावा, खरा किती आणि पोकळ किती.

आणखी एक जुना नियम सांगतो. लोयोलाचे संत इग्नेशियस हे १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने जायबंदी झाले आणि अनेक महिने अंथरुणात पडून राहिले. आपल्या मनात कोणते विचार शेवटी शांती ठेवून जातात आणि कोणते कोरडेपणा, हे ते तिथे पारखू लागले. त्यातून पुढे त्यांनी जे नियम लिहिले, त्यांतला एक असा की मन उदास असताना आधीचा चांगला निर्णय बदलू नये. आपल्या भाषेत सांगायचे तर, मंडीतून हात हलवत परत आलेल्या रात्री जमीन विकायचे ठरवू नका, सावकाराच्या कागदावर अंगठा देऊ नका, मुलीची शाळा बंद करू नका. चार दिवस जाऊ द्या, दोन शहाण्या माणसांना विचारा, मग ठरवा.

सगळे घाव मात्र भावाचे आणि पावसाचे नसतात. काही घाव माणसांनी केलेले असतात. उदयनगरचा रस्ता आपल्या परिचयाचा आहे. त्याच रस्त्यावर, नाचनबोर येथे, २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मारिया यांना बसमधून ओढून ठार मारण्यात आले. त्यांचा गुन्हा एवढाच, की गरीब आदिवासी शेतकऱ्यांना त्यांनी बचत करायला आणि सावकाराच्या तावडीतून सुटायला शिकवले. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल २००२ साली रक्षाबंधनाच्या दिवशी तुरुंगात गेली आणि तिने मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. पुढे कुटुंबीयांनीही त्याच्या सुटकेसाठी विनंती केली, आणि २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्यपद देण्यात आले.

या घटनेत एक गोष्ट आपण विसरतो. खून आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षे आहेत. क्षमा करणे ही प्रभू येशूची आज्ञा आहे. पण काल बांध फोडला गेला त्या माणसाला आजच ‘माफ कर आणि विसर’ म्हणून धाक घालणे हे प्रेम नव्हे. दुःख रडून मोकळे व्हावे लागते. स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आणि रडण्याची आहेत. पवित्र सभेने ती गाळली नाहीत, रोजच्या प्रार्थनेत ठेवली. क्षमेला वेळ लागतो, आणि ती न्याय रद्द करत नाही. परंतु क्षमेकडे तोंड करून चालत राहिले नाही, तर वैर आपल्याच घरात राहायला येते.

आता घरी करण्याजोग्या काही गोष्टी सांगतो.

एक: झोप आणि जेवण सांभाळा. चिंता दारूत बुडत नाही. दारूने झोप तुटते आणि दुसऱ्या दिवशी मन अधिक खचते.

दोन: रोज हाताने एक लहान काम पूर्ण करा, ज्यात पैशाचा हिशेब नाही. कलम बांधा, जुनी खाट विणा, पोरांना माळवी गाणे शिकवा.

तीन: रात्री झोपण्यापूर्वी घरच्यांनी मिळून दिवसाचे परीक्षण करा. आज काय चांगले घडले, काय बोचले, उद्या काय करायचे, एवढेच. लहान मुलांनाही बोलू द्या.

चार: कर्जाचा सगळा हिशेब पती-पत्नीने एका वहीत लिहावा. घरधनीणीपासून लपवलेले कर्ज दुप्पट जड असते.

पाच: फवारणीची औषधे कुलुपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. खचलेल्या माणसाची एक वाईट घटका टळली तर पुष्कळदा त्याचे आयुष्य वाचते.

सहा: दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश किंवा कशातच रस नसणे चालू राहिले, तर जिल्हा रुग्णालयात दाखवा. सरकारची टेलिमानस ही फुकट सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येते, हिंदीत आणि मराठीतही. कोणी जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा. विचारल्याने मनात नसलेला विचार येतो ही समजूत खोटी आहे.

शेवटी आपल्या धर्मग्रामाविषयी. पावसासाठी आपण जपमाळ करतो, ते चांगलेच आहे. पण मंडीतून रिकामा परतलेल्या शेजाऱ्याच्या ओट्यावर संध्याकाळी जाऊन बसणे, हेही प्रार्थनेचेच काम आहे. प्रत्येक वस्तीत दोन-तीन कुटुंबांनी हे काम अंगावर घ्यावे, असे मला वाटते. उपदेश करू नका, आपल्याच अडचणी सांगत बसू नका. भाकरी घेऊन जा, पाणी मागा आणि ऐका. झुडपाखाली बसलेल्या एलियाकडे देवाने दूत पाठवला. आपल्या वस्तीत तो बहुधा शेजारीच असेल.