भूमिपूजनाआधी भूमिपरीक्षा

देवालय असो वा गृहस्थाचे घर, वास्तू उभारण्यापूर्वी भूमीची परीक्षा करावी, हा आपल्या पूर्वजांचा दंडक होता. हातभर खड्डा खणून तो त्याच मातीने पुन्हा भरून पाहण्याची रीत वराहमिहिराने बृहत्संहितेत सांगितली आहे. माती उरली तर भूमी उत्तम, पुरली तर मध्यम, कमी पडली तर अनिष्ट. आज भूमिपूजन तेवढे उरले आणि परीक्षा लोपली. डिचोली-पेडण्यात हा लोप आम्हांस विशेष घातक वाटतो.

डिचोली महालात शिरगाव, मुळगाव, मये या गावांभोवती कित्येक दशके लोहखनिजाचे खंदक खणले गेले. श्रीलईराई देवीच्या शिरगावात हे खंदक भूजलाच्या पातळीखाली गेले आणि विहिरी आटल्या. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. परंतु उपसलेल्या मातीचे डोंगर त्या निकालाने नाहीसे झाले नाहीत. इकडे पेडण्यात ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि बांधकामाला ऊत आला. एका महालात मातीचे ढीग, दुसऱ्यात भरावाची भूक. ही गाठ पडण्यास एक टिप्पर पुरे.

लोहखनिज म्हणजे युरेनियम नव्हे, हे आम्ही जाणतो. डिचोलीच्या खाणमातीत प्रथम विचार करावा तो सिलिका आणि मँगनीज यांचा. परंतु खाणीचा टाकाऊ माल न तपासता पायाखाली घालण्याचे फळ काय, हे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील ग्रँड जंक्शन या नगराने भोगले आहे. तेथे युरेनियमच्या कारखान्यातील वाळूसारखा गाळ सहज मिळे, म्हणून १९५० व १९६० च्या दशकांत लोकांनी तो घरांच्या व शाळांच्या भरावात घातला. दिसावयास ती निर्मळ वाळू. तीतील रेडियमपासून उपजणारा रेडॉन वायू जमिनीच्या फटींतून बंद खोलीत साचतो आणि फुप्फुसाच्या कर्करोगास कारण होतो. त्याला ना रंग, ना गंध. अखेर १९७२ मध्ये तेथील काँग्रेसला कायदा करावा लागला आणि हजारो जागांतून तो गाळ उकरून काढावा लागला. रेडियमचे बळ निम्मे होण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतात. म्हणजे ते आपोआप निवेल, ही आशा व्यर्थ.

"सरकारने सनद दिली, मग भीती कसली?" असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना आमचे उत्तर असे की, सनदेने जमिनीचा कागदोपत्री उपयोग पालटतो. मातीचा गुण पालटत नाही. परीक्षेची मागणी करणारा विकासाचा वैरी, हाही आक्षेप पोकळ आहे. माती निर्दोष निघाली तर बांधणाऱ्याचेच काम सुकर होईल. सदोष निघाली तर त्याच्याच मुलाबाळांचे आरोग्य वाचेल.

आमची मागणी स्पष्ट आहे. खाणपट्ट्यातील जागा वा खाणमातीचा भराव यांवर बांधण्यास परवानगी देण्यापूर्वी किरणोत्सर्ग, सिलिका व जड धातू यांची तपासणी सक्तीची व्हावी, आणि तिचा निकाल पंचायतीच्या फलकावर मराठी-कोंकणीत लागावा. सरकार हलेपर्यंत देवस्थानांच्या महाजनांनी तरी थांबू नये. अग्रशाळा वा सभामंडप बांधताना मातीचा दाखला पाहिल्यावाचून एकही टिप्पर आवारात घेणार नाही, असा ठराव त्यांनी येत्या सभेतच करावा. देवाच्या दारी वस्तीला येणाऱ्या भाविकाचे रक्षण हेही त्यांचे कर्तव्यच आहे.